टेबलाची उंची आणि माणसाची उंची

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व तीरावर कोपरखैरणें हें गांव आहे. आगरी-कोळ्यांची वस्ती, भाताचीं खाचरें, खाडीची खारट हवा आणि भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून चाललेला दिनक्रम, असें या किनाऱ्याचें पूर्वींचें रूप होतें. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, खाडीपलीकडे नवी मुंबई वसविण्याचा उद्योग आरंभिला गेला, आणि या जुन्या गांवाच्याच नांवानें, परंतु सेक्टरांच्या आंकड्यांनीं ओळखली जाणारी, एक दाट वसाहत येथें उभी राहिली. २००४ सालीं ठाणें व वाशी यांना जोडणारी आगगाडी सुरू झाली आणि तिच्या मार्गावर कोपरखैरण्याचें स्थानकही आलें. मनुष्य जेथें वस्ती करतो तेथें कामाबरोबर करमणूकही जाते. नव्या मुंबईच्या अशा वसाहतींतून जे खेळ रुजले त्यांत एक खेळ असा आहे कीं, त्याचा जन्म लष्करी अधिकाऱ्यांच्या दिवाणखान्यांत झाला आणि आज तो दुकानाच्या गाळ्यावरच्या मजल्यांत खेळला जातो. हा खेळ म्हणजे स्नूकर.

ज्या श्रोत्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं त्याचें स्वरूप थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. हिरव्या बनातीनें मढविलेल्या एका लांबरुंद टेबलावर बावीस चेंडू मांडतात. त्यांत पंधरा लाल, सहा निरनिराळ्या रंगांचे आणि एक पांढरा असतो. क्यू नांवाच्या निमुळत्या काठीनें केवळ पांढऱ्या चेंडूस टोला द्यावयाचा आणि त्याच्या आघातानें इतर चेंडू टेबलाच्या सहा खिशांत घालावयाचे. एक लाल, मग एक रंगीत, पुन्हां एक लाल, असा क्रम चालतो. खेळ बुद्धीचा व नेमाचा आहे. अंगबळाचें काम त्यांत फारसें नाहीं. म्हणूनच असा समज पसरला आहे कीं, या खेळांत शरीराच्या ठेवणीस कांहीं महत्त्व नाहीं.

हा समज किती अपुरा आहे हें एखाद्या सव्वासहा फूट उंचीच्या तरुणास विचारावें. तो टेबलाशीं वांकतो तेव्हां त्याच्या कंबरेंत कळ येते, मान वर उचलून पाहावें लागल्यामुळें ती अवघडते, आणि हातांतील काठी अपुरी वाटूं लागते. आजूबाजूचे खेळगडी त्यास सहज सांगून टाकतात कीं, हा तुझ्यासारख्याचा खेळ नव्हे. कित्येक जण तें मानून खेळ सोडतात. कांहीं जण पाठ दुखवून घेऊन सोडतात. आपल्या शरीरांत कांहीं उणें आहे असा निष्कर्ष दोघेही काढतात. खरा प्रश्न निराळा आहे. टेबल सर्वांना एकच असतां, त्याशीं जुळवून घेण्याचें कोणतें साधन खेळाडूच्या हातीं आहे? याचें उत्तर खेळाच्या इतिहासांत सांपडतें.

प्रथम टेबलाचाच विचार करूं. बिलियर्ड हा युरोपांतील जुना खेळ. हिरवळीवर खेळला जाणारा एक खेळ घरांत आणून टेबलावर मांडला गेला आणि हिरवळीची आठवण म्हणून कीं काय, टेबलावर हिरवें कापड आलें. आरंभीं टेबलाचा तळ लांकडाचा असे व तो हवेनुसार वांकडातिकडा होई. १८२६ सालीं लंडनच्या जॉन थर्स्टन या कारागिरानें पाटीच्या दगडाचा तळ वापरांत आणला. पुढें १८३५ च्या सुमारास कडांना रबर लागलें. टेबल त्यामुळें सपाट झालें, चेंडूची उसळी नेमकी झाली, आणि टेबल अतिशय जडही झालें. एकोणिसावें शतक संपतां संपतां इंग्लंडांत मापें ठरविण्याचा प्रयत्न झाला. १८९२ सालीं तेथील बिलियर्ड संघटनेनें प्रमाण साच्यांचा पुरस्कार केला. आज मान्य असलेलें माप असें आहे: खेळाची जागा लांबीस ११ फूट ८½ इंच, रुंदीस ५ फूट १० इंच, आणि जमिनीपासून कांठाच्या माथ्यापर्यंत उंची २ फूट ९½ इंचांहून कमी नाहीं व २ फूट १०½ इंचांहून अधिक नाहीं.

या शेवटच्या आंकड्याकडे लक्ष द्यावें. नियमानें उंचीस सवलत दिली ती अवघ्या एका इंचाची. माणसांच्या उंचींत मात्र फुटाफुटाचें अंतर असतें. क्रिकेटची बॅट उंचीप्रमाणें लहानमोठी घेतां येते, सायकलची बैठक वरखालीं करतां येते. स्नूकरचें टेबल कोणासाठींही हलत नाहीं. आपल्या घरीं कोणी त्याच्या पायांखालीं ठोकळे घातले तर तेथें सोय होईल, परंतु सामन्याच्या दिवशीं तीच संवय त्यास घातक होईल.

टेबल असें अचल असलें तरी त्यावरील खेळ मात्र माणसानें आपल्या सोयीप्रमाणें वेळोवेळीं बदलला आहे, आणि त्यांतील सर्वांत मोठा बदल आपल्याच देशांत घडला. १८७५ सालीं मध्यप्रांतांतील जबलपूरच्या छावणींत डेव्हनशायर पलटणींतील नेव्हिल चेंबरलेन हा तरुण अधिकारी होता. पावसाळ्याच्या दीर्घ दुपारीं बिलियर्डच्या टेबलावर निरनिराळे खेळ चालत. त्यांपैकीं एका खेळांत त्यानें आणखी रंगीत चेंडू मिसळले. वूलिच येथील लष्करी विद्यालयांत नवशिक्या विद्यार्थ्यास ‘स्नूकर’ म्हणत. एका गड्याचा नेम चुकला तेव्हां चेंबरलेननें त्यास त्याच शब्दानें चिडविलें आणि पुढें तें नांव खेळासच चिकटलें. १८८० नंतरच्या कांहीं वर्षांत उटकमंडच्या क्लबांत त्याचे नियम बांधले गेले. इंग्लंडचा नामांकित खेळाडू जॉन रॉबर्ट्स १८८५ सालीं हिंदुस्थानांत आला असतां चेंबरलेनशीं त्याची गांठ पडली आणि त्याच्याबरोबर हे नियम विलायतेस गेले. चेंबरलेननें आपला हक्क पुढें १९३८ सालीं ‘द फील्ड’ या नियतकालिकांत पत्र लिहून स्पष्ट केला.

असा हा खेळ हिंदुस्थानच्या भूमीवर जन्मला खरा, तथापि तो दीर्घकाळ हिंदी माणसाचा नव्हता. गोऱ्यांच्या क्लबांत एतद्देशीयास प्रवेश मिळे तो बहुधा गुण मोजणारा मार्कर किंवा चाकर म्हणून. संस्थानिकांच्या वाड्यांत टेबलें होतीं, मोठ्या शहरांच्या जिमखान्यांत होतीं. सामान्य माणसाच्या वाटेवर नव्हतीं. ही स्थिति हळूहळू पालटली. पुण्यास १९२२ सालीं जन्मलेले विल्सन जोन्स यांनीं १९५८ सालीं कलकत्ता येथें आणि पुन्हां १९६४ सालीं न्यूझीलंडमध्यें हौशी बिलियर्डचें जगज्जेतेपद मिळविलें. वैयक्तिक खेळांत जगज्जेता ठरलेले ते पहिले भारतीय होत. मुंबईचे मायकेल फरेरा यांनीं १९७७, १९८१ व १९८३ या सालीं तोच मान मिळविला. १९८४ सालीं ओम अग्रवाल हौशी स्नूकरचे जगज्जेते झाले. मुंबईचेच यासीन मर्चंट १९८९ सालीं आशियाई स्नूकर विजेते झाले, आणि २०१४ सालीं मुंबईच्या आदित्य मेहता यांनीं व्यावसायिक स्पर्धेंत १४७ गुणांची पूर्ण खेळी केली.

उंच खेळाडूच्या दृष्टीनें या मालिकेंतील सर्वांत बोधप्रद नांव अहमदाबादच्या गीत सेठी यांचें आहे. उंच बांधा व डोळ्यांस चष्मा, म्हणजे रूढ समजुतीप्रमाणें या खेळास दोन्ही अंगांनीं गैरसोयीचे. तरीही १९८५ व १९८७ सालीं ते हौशी बिलियर्डचे जगज्जेते झाले; राष्ट्रीय स्नूकर स्पर्धेंत त्यांनीं १४७ गुणांची खेळी केली; आणि १९९२ सालीं व्यावसायिक बिलियर्डच्या जगज्जेतेपदाच्या स्पर्धेंत एका खेळींत १२७६ गुण जमविले. एवढी दीर्घ खेळी करणाऱ्यास टेबलाभोंवतीं किती वेळां वांकावें लागलें असेल याची कल्पना करावी. उंची हा जर अपात्रतेचा दाखला असता तर हें घडतें ना.

शरीराशीं साधन जुळवून घेणें हा या खेळांत कमीपणा मानलेला नाहीं. काठीच्या टोंकास चामड्याची टिकली लावण्याची युक्ति एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्सच्या मिंगो नांवाच्या लष्करी माणसानें रूढ केली आणि चेंडूस हवी तशी फिरकी देणें त्यामुळेंच शक्य झालें. १९२७ पासून १९४६ पर्यंत जगज्जेतेपद एकदांही न गमावणाऱ्या जो डेव्हिस यांचा उजवा डोळा अधू होता. त्यांनीं काठी हनुवटीच्या मध्याखालून न नेतां डाव्या डोळ्याच्या रेषेंत धरली, आणि पंधरा वेळां जगज्जेतेपद मिळविलें. साध्या चष्म्याची वरची कड वांकल्यावर नजरेच्या आड येते. म्हणून डेनिस टेलर यांच्यासाठीं जॅक कार्नेहम यांनीं उंच भिंगांचा निराळा चष्मा घडविला. प्रेक्षक त्यास हंसले. १९८५ सालीं त्याच चष्म्यांतून पाहून टेलर यांनीं अखेरच्या काळ्या चेंडूवर जगज्जेतेपद जिंकलें, तेव्हां हंसणें थांबलें.

आतां उंच माणसाच्या अडचणीचें मोजमाप करूं. माणसाचा कंबरेचा सांधा स्थूलमानानें त्याच्या उंचीच्या मध्यावर असतो. साडेपांच फूट उंचीच्या माणसाचा हा सांधा जमिनीपासून सुमारें ३३ इंचांवर, म्हणजे टेबलाच्या कांठाच्या जवळपास येतो. सव्वासहा फुटांच्या माणसाचा तोच सांधा ३७½ इंचांवर येतो. हें जें साडेचार इंचांचें अंतर, तेंच सर्व दुःखाचें मूळ. तें पायांनीं भरून काढलें नाहीं तर पाठीस भरावें लागतें. कंबर उंच राहिली कीं धड पुढें घसरणीसारखें उतरतें, आणि चेंडू दिसावा म्हणून मान उलटी ताणावी लागते.

जो डेव्हिस यांच्या काळापासून शिकविली जाणारी पद्धति अशी कीं, उजव्या हातानें खेळणाऱ्यानें उजवा म्हणजे मागचा पाय ताठ ठेवावा व डावा गुडघा वांकवावा. मध्यम उंचीच्या माणसास ती उत्तम आहे. उंच माणसानें मात्र मागचा पायही ताठ ठेवण्याचा हट्ट धरूं नये. नुसते पाय फांकून फारसें साधत नाहीं. पावलांत दोन फुटांचें अंतर ठेवलें तरी कंबर एखाद-दीड इंचच खालीं येते, आणि त्याहून अधिक फांकल्यास तोल व हालचाल दोन्ही बिघडतात. उरलेले तीन इंच दोन्ही गुडघ्यांच्या किंचित् वांकण्यांतून मिळवावयाचे असतात. तालमींतील पैलवान पवित्रा घेतो, हुतूतूचा गडी चढाई अडविण्यास उभा राहतो, तेव्हां त्यांचे गुडघे जसे सैल पण सावध असतात तसेच येथें असावेत. वांकावें तें कंबरेच्या सांध्यांत. पाठीचा कणा कमानीसारखा गोल होऊं देऊं नये. आधीं ताठ उभें राहून नेमाची रेषा पाहावी, पावलें तिच्यावर आणावीं आणि मगच सबंध धड एकदम खालीं न्यावें. खालीं गेल्यावर पाऊल सरकवीत बसल्यास रेषा मोडते.

पवित्र्यानंतर काठीचा विचार. नियमाप्रमाणें काठी तीन फुटांहून लहान असतां कामा नये. कमाल लांबीस मर्यादा नाहीं. बाजारांत मिळणारी काठी सामान्यतः ५७ किंवा ५८ इंचांची असते, आणि ती मध्यम उंचीच्या माणसास बेतलेली असते. लांब हातांच्या माणसानें अशी परीक्षा करावी: नेहमीच्या पवित्र्यांत वांकून काठीचें टोंक पांढऱ्या चेंडूस जवळजवळ टेकवावें, आणि शेजाऱ्यास आपला मागचा हात पाहावयास सांगावें. त्या क्षणीं कोपरापासून मुठीपर्यंतचा हात ओळंब्यासारखा सरळ खालीं लोंबला पाहिजे. तो तसा लोंबत असून मुठीच्या मागें इंच-दोन इंच काठी उरत असेल तर काठी पुरेशी आहे. मूठ अगदीं शेवटास आली असेल, किंवा काठी पुरावी म्हणून हात पुढें ओढावा लागत असेल, तर काठी आंखूड आहे. आंखूड काठीमुळें पुढचा हात आंखडतो, कोपर दुमडतें, आणि उंच माणसाचा जो नैसर्गिक लाभ, म्हणजे लांब व सावकाश झोंका, तोच नाहींसा होतो.

अशा खेळाडूनें ५९ वा ६० इंचांची काठी करवून घ्यावी, किंवा मागें जोडावयाचा लहान जोड वापरावा. येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जोड मागें लावला कीं वजन मागें जातें, टोंक हलकें होतें, आणि फटक्याच्या वेळीं तें वर उचलूं पाहतें. सामान्य काठीचें वजन १७ ते १८ औंस, म्हणजे सुमारें ४८० ते ५१० ग्रॅम असतें. जोडानें तें वाढतें. म्हणून जोड हलका असावा, आणि तो एकदां स्वीकारला कीं प्रत्येक फटक्यास तोच ठेवावा. आज जोड, उद्यां बिनजोड, असें करणाऱ्याच्या हातास कोणतीच काठी ओळखीची होत नाहीं. लांकूड ॲशचें असो वा मेपलचें, तो आवडीचा प्रश्न आहे. काठी सरळ असणें व कायम एकच असणें हें मात्र आवश्यक.

कोपरखैरण्यासारख्या ठिकाणीं आणखी एक अडचण उद्भवते, ती जागेची. ५८ इंचांची काठी चारही बाजूंनीं मोकळी फिरवावयाची तर खोली सुमारें २२ फूट लांब व १६ फूट रुंद पाहिजे. व्यापारी गाळ्यांत एवढी जागा मिळणें सोपें नसतें. मध्येंच खांब येतो, भिंत जवळ येते, आणि काठीचें मागचें टोंक तिच्यावर आपटतें. काठी जितकी लांब तितकी ही आपत्ति अधिक. भिंतीपाशीं अडलेल्या उंच माणसास काठीचा मागचा भाग उचलून खेळण्याची संवय लागते, आणि ती मोकळ्या बाजूसही त्याची पाठ सोडीत नाहीं. त्यानें खेळण्याची जागा निवडतांना टेबलाच्या बनातीआधीं भिंतींचें अंतर पाहावें. तसेंच एका सबंध तुकड्याची पांच फुटी काठी घेऊन लोकलगाडीच्या गर्दींत शिरणें हें साहसच होय. दोन तुकड्यांची किंवा तीन-चतुर्थांशावर सांधलेली काठी प्रवासास सोयीची असते, आणि जोडही अशा काठीस सहज बसतो.

या सर्व अडचणींच्या बदल्यांत निसर्गानें उंच माणसास एक देणगी दिली आहे. टेबलाची रुंदी पावणेसहा फुटांहून किंचित् अधिक आहे. लांब हाताचा माणूस त्यावर जेथें सहज पोंचतो तेथें ठेंगण्या माणसास रेस्ट म्हणजे दांड्याचा आधार घ्यावा लागतो, आणि हाताच्या आधारापेक्षां दांड्याचा आधार केव्हांही कमी विश्वासाचा. परंतु याच देणगीचा मोह पडतो. फटक्याच्या क्षणीं एक पाऊल तरी जमिनीस टेकलेलें असावें असा नियम आहे. उंच माणूस पायाच्या अंगठ्यावर उभा राहून, धड ताणून, नियम पाळतो खरा, पण स्थिरता गमावतो. जेथें पवित्रा मोडतो तेथें हात पोंचला तरी दांडाच घ्यावा. उंच खेळाडूनेंही दांड्याचा अभ्यास नेमानें करणें यासाठींच अगत्याचें आहे.

शेवटची गोष्ट शरीराच्या तयारीची. मांड्यांच्या मागच्या शिरा आंखडलेल्या असल्या तर कंबरेंत वांकतांच येत नाहीं. मग वांकतो तो कणा. दिवसभर खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांत हा दोष सर्रास आढळतो. महाराष्ट्रांत यावर परका उपाय शोधावयास नको. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनीं गेल्या शतकांत ज्या सूर्यनमस्कारांचा हिरिरीनें प्रसार केला, त्यांत कंबरेच्या सांध्यांत वांकणें व मांड्यांच्या शिरा मोकळ्या करणें हीं दोन्ही कामें होतात. खेळापूर्वीं थोडे नमस्कार सावकाश घालणारा, आणि तासा-तासानें ताठ उभा राहून पाठ मोकळी करणारा खेळाडू पुष्कळ वर्षें खेळेल. ज्याची पाठ इतकें करूनही दुखतच राहते त्यानें दुखणें अंगावर न काढतां वैद्यकीय सल्ला घ्यावा.

इतिहासाकडे पाहिलें म्हणजे असें दिसतें कीं, या खेळांत कायम राहिलें तें टेबल. बाकी सर्व, म्हणजे चेंडूंची संख्या, काठीचें टोंक, नजरेची रेषा, चष्म्याचें भिंग, पायांची ठेवण, ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणें बदलत आलें आहे. एके काळीं ज्या दालनाच्या दारांत हिंदी माणूस केवळ चाकर म्हणून उभा राही, त्या खेळांत त्यानें जगज्जेतेपदें मिळविलीं. त्यासही हा खेळ तुझा नव्हे असेंच सांगितलें जात होतें. कोपरखैरण्याच्या एखाद्या दालनांत सव्वासहा फुटांचा कोणी तरुण टेबलाशीं अवघडून वांकलेला दिसला तर त्यास परत पाठविण्याचें कारण नाहीं. मागचा गुडघा थोडा सैल सोड, आणि मुठीच्या मागें किती काठी उरते तें पाहा, एवढेंच त्यास सांगावें.